लान्झारोतेतला व्हिला: जानेवारीत ऊन कुठे पडतं, ते आधी विचारा

आईची खुर्ची पहिल्याच दुपारी ठरली. स्विमिंग पूलच्या ईशान्येला घराची भिंत आणि आवाराची भिंत जिथे काटकोनात मिळतात, तिथे. उत्तरेचा वारा घर अडवतं, पूर्वेचा ती आवाराची पांढरी भिंत, आणि अकरा वाजल्यापासून साडेपाचपर्यंत ऊन सरळ अंगावर. घरी ऑक्टोबरपासून दोन स्वेटर आणि शालीच्या बाहेर न आलेली माझी आई तिथे सुती साडीत, पाय उन्हात सोडून बसली. जानेवारीचा तिसरा आठवडा होता. त्या कोपऱ्यासाठी सुट्टीत भाड्याने घेतलेल्या या व्हिलाला मी पाचपैकी चार स्टार देतेय. पाचवा का नाही तेही सविस्तर सांगते, कारण बुकिंगच्या आधी हे कुणी मला सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

आम्ही इंग्लंडच्या उत्तर भागात राहतो. डिसेंबर-जानेवारीत इथे दुपारी चारला दिवे लावावे लागतात. आई ७९ वर्षांची, दोन्ही गुडघे झिजलेले. चालत राहा असं डॉक्टर सांगतात, पण थंडीत ती खोलीबाहेर पडत नाही आणि मार्च येईपर्यंत गुडघे आणखीच धरतात. म्हणून यंदा ठरवलं, दहा दिवस का होईना, तिला उन्हात न्यायचं. विमानात चार-साडेचार तासांपेक्षा जास्त बसवायचं नाही, घड्याळ बदलायला नको आणि जेवण आपल्या हातचं. या तिन्हींत बसलं ते लान्झारोते. स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी आफ्रिकेच्या बाजूचं, २९ अंश उत्तर अक्षांशावरचं, म्हणजे जवळपास दिल्लीच्या रेषेत. घड्याळ ब्रिटनशी जुळतं, मुख्य स्पेनच्या एक तास मागे.

एक गोष्ट मनात पक्की करून जा: हा उन्हाळा नव्हे. जानेवारीत दुपारी २०-२१ अंश असतात, रात्री १३-१४. उन्हात बसलात तर बाही दुमडावीशी वाटते, सावलीत गेलात की स्वेटर शोधता. दोन पावलांवर ऋतू बदलतो म्हणा ना. म्हणूनच व्हिलाला खोल्या किती, टीव्ही केवढा, समुद्र दिसतो का, हे सगळं माझ्या लेखी नंतरचं. अंगणात ऊन कधी आणि किती वेळ येतं आणि वारा कुठून लागतो, हे पहिलं.

आता संकेतस्थळांवरच्या फोटोंबद्दल. ते बहुतेक उन्हाळ्यात काढलेले असतात. जूनमध्ये दुपारचा सूर्य या बेटावर जवळजवळ डोक्यावर असतो, सावली घराच्या पायाशी गोळा झालेली असते, त्यामुळे कुठल्याही बाजूचा पूल उन्हात चमकताना दिसतो. जानेवारीत तोच सूर्य भर दुपारी क्षितिजापासून ४० अंशांच्या आसपास चढतो आणि उतरतो. दोन मजली, सहा मीटर उंच घराची सावली तेव्हा उत्तरेकडे सात मीटर लांब पडते. पूल आणि बसायची जागा जर घराच्या उत्तरेला असेल तर सगळा हिवाळा तिथे ऊन नाही. पैसे भरायचे उन्हाचे आणि बसायचं सावलीत! माझा नवरा निवृत्त इंजिनिअर आहे. त्याने उपग्रह-नकाशावर एकेक घर उघडून दिशा तपासली आणि मला आवडलेल्या अकरा घरांपैकी सात त्या एका संध्याकाळी बाद केली. त्यातलं एक तर मी जवळजवळ पक्कं केलं होतं, इतकी सुंदर स्वयंपाकखोली होती.

उरलेल्या चार घरांसाठी मी एकच निरोप पाठवला: आत्ता, नोव्हेंबरात, दुपारी तीन वाजता अंगणाचा एक फोटो काढून पाठवा. दोघांनी उत्तर दिलं नाही. एकाने परत तोच जाहिरातीतला फोटो पाठवला. चौथ्याने खरोखर त्या दिवशीचा पाठवला. पूलवर कव्हर ओढलेलं, कोपऱ्यात कुंचा उभा, फरशीवर लांब सावल्या, पण तो ईशान्येचा कोपरा उन्हाने भरलेला. तेच घर घेतलं.

घर प्लाया ब्लांकाला आहे, बेटाच्या दक्षिण टोकाला. वारे इथे मुख्यतः उत्तर-ईशान्येकडून येतात आणि लोस आहाचेसच्या डोंगरांमुळे या बाजूला त्यांचा जोर कमी लागतो. घर एकमजली आहे, बेटावरच्या बहुतेक घरांसारखं पांढरं आणि बसकं. इथलेच चित्रकार-शिल्पकार सेझार मानरिके (१९१९–१९९२) यांनी आयुष्यभर आग्रह धरला, की बेटावर टोलेजंग हॉटेलं उभी राहू नयेत. त्यांच्या त्या आग्रहाचा फायदा आम्हाला असा झाला, की शेजारच्या घराची सावली आमच्या अंगणात आली नाही.

तीन बेडरूम, माणसं सहा: आम्ही दोघं, आई, लेक, जावई आणि चार वर्षांचा नातू. दहा रात्रींचे १,७५० युरो, त्यात साफसफाई धरलेली. पूल गरम ठेवण्याचे १७० युरो वेगळे.

कागदपत्रांचं थोडक्यात. आम्हाला ब्रिटिश पासपोर्टवर व्हिसा लागत नाही, पण आईचा पासपोर्ट अजून भारतीय आहे, म्हणून तिला शेंगेन व्हिसा काढला. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, फी ९० युरो, सोबत किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा. हॉटेल असतं तर तिच्या नावाची खोली दाखवता आली असती. व्हिलाचं बुकिंग एकाच माणसाच्या नावावर होतं. तेव्हा सहाही जणांची नावं आणि तारखा असलेलं पत्र घर भाड्याने देणाऱ्या एजन्सीकडून आधीच मागून घ्या. घराच्या जाहिरातीत परवान्याचा नंबर आहे ना, तेही बघा. कॅनरी बेटांवर तो व्हीव्ही या अक्षरांनी सुरू होतो आणि दाराशी तीच पाटी असते. घरमालक सगळ्यांच्या पासपोर्टचा तपशील मागतील. तो नियमच आहे, डिसेंबर २०२४ पासून पाहुण्यांची माहिती सरकारकडे नोंदवावी लागते.

आता तो न दिलेला पाचवा स्टार.

शनिवारी संध्याकाळी पोचलो. नातवाने बॅगा आत यायच्या आधी पिशवीतून आपला बदकाच्या आकाराचा तरंगता थर्मामीटर काढला आणि पाण्यात सोडला. १९ अंश. ‘गरम पूल’ म्हणून आम्ही पैसे भरले होते. लहान मूल १९ अंशांच्या पाण्यात पाच मिनिटं टिकत नाही, आणि आईला पाण्यात उभं राहून गुडघ्यांचे व्यायाम करायचे होते, तिची तर गोष्टच सोडा.

रविवारी सकाळी नवऱ्याने पंपाची खोली उघडली. पूलचं पाणी तापवणारा हीट पंप चालू होता, पण शनिवारी सकाळीच लावलेला. शिवाय घड्याळ असं लावलेलं, की दिवसाचे आठ तास चालणार, मग बंद. त्याने तिथेच हिशेब मांडला. पूल आठ मीटर बाय चार, सरासरी खोली १.४, म्हणजे सुमारे ४५,००० लिटर पाणी. ते १७-१८ वरून २६ अंशांवर न्यायला १२ किलोवॉट उष्णता देणाऱ्या पंपाला सलग जवळपास ४० तास लागतात. रोज आठ तास चालवला तर पाच दिवस, तेही रात्री पाणी अजिबात गार झालं नाही तर.

आणि पाणी रात्री गार होत होतं. पूलवरच्या निळ्या कव्हरला खालच्या बाजूने हवेचे बुडबुडे असतात ना, ते उन्हाने कडक होऊन फुटले होते. हाताने चोळलं की निळा चुरा बोटांना लागायचा. उथळ बाजूला तर कव्हर दोन फूट फाटलेलंच होतं, आणि पहाटे तेवढ्याच फटीतून पांढरी वाफ वर येताना दिसायची. उरलेला सगळा पूल झाकलेला, शांत, आणि त्या एका फटीतून आमचे पैसे हवेत. पूलची उष्णता सगळ्यात जास्त जाते ती बाष्पीभवनाने, वारा असला की आणखी. रविवारी रात्री झोपताना बदकाने २१ दाखवले होते, सोमवारी सकाळी १९.५.

मी कव्हरचे, बदकाचे आणि पंपाच्या घड्याळाचे फोटो एजन्सीला पाठवले. त्यांचं उत्तर आलं, की ‘तापमानाची हमी देता येत नाही’. हे वाक्य बुकिंगच्या अटींमध्ये बारीक अक्षरांत होतंच, मीच ते आधी वाचायला हवं होतं. पण घराची देखभाल करणारे गृहस्थ भले निघाले. सोमवारी दुपारी आले, घड्याळ काढून पंप चोवीस तास चालू केला, फाटलेल्या जागी दुसऱ्या कव्हरचा तुकडा रुंद टेपने जोडून दिला. मंगळवारी रात्री २५, बुधवारी दुपारी २६.५. त्यानंतर रोज सकाळी अकराला आई पायऱ्या उतरून पाण्यात जायची, कठड्याला धरून वीस मिनिटं पाय हलवायची. घरी तिला खुर्चीतून उठताना हात द्यावा लागतो. आठव्या दिवशी पाण्यातून ती माझा हात न घेता बाहेर आली, आणि मी मुद्दाम तिच्याकडे न बघता टॉवेल घडी करत राहिले, कारण बोलले असते तर रडू आलं असतं.

परत आल्यावर एजन्सीने १७० मधले ६० युरो परत दिले. तुम्ही बुकिंग करताना तीन गोष्टी लेखी घ्या. पंप पोचायच्या दोन दिवस आधी सुरू करणार का, किती तास चालणार, आणि कव्हर कुठल्या अवस्थेत आहे, त्याचा फोटो. ‘गरम पूल’ या दोन शब्दांत यातलं काहीच येत नाही.

रात्रीचं सांगायचं राहिलं. या घरांना सेंट्रल हीटिंग नसतं. जमीन सगळी टाइल्सची, उन्हाळ्यासाठी बांधलेली. सूर्य मावळला की अर्ध्या तासात फरशी पायाला झोंबते. बेडरूममधल्या एसीवर गरम हवा येत होती, पण बैठकीच्या खोलीत एसी नव्हता आणि आम्ही सगळे संध्याकाळी तिथेच. मागितल्यावर तेलाचा रेडिएटर आणून दिला. आईच्या पायांत लोकरीचे मोजे चोवीस तास. जादा पांघरुणं किती आहेत, हे विचारून ठेवाच.

आणि तो रेडिएटर आल्यावर लगेच दुसरी गंमत कळली. तिसऱ्या संध्याकाळी ओव्हन, किटली, वॉशिंग मशीन आणि बाहेर हीट पंप हे सगळं एकदम चालू असताना घर काळंकुट्ट झालं. स्पेनमध्ये प्रत्येक घराने विजेचा ठरावीक भार विकत घेतलेला असतो. तो ओलांडला की मीटर पुरवठा तोडतो. मुख्य बटण बंद करून, उपकरणं कमी करून पुन्हा चालू केलं की येते वीज. पण बटणाचा बोर्ड कुठे आहे, ते उजेडात बघून ठेवा. आम्ही मोबाइलच्या प्रकाशात शोधला आणि आई अंधारात खुर्चीला गच्च धरून बसून राहिली.

स्वयंपाकघर उत्तम. याच एका गोष्टीची मी सगळ्यात जास्त चौकशी केली होती. शेगडी काचेची आहे एवढं सांगून भागत नाही. इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापणारच नाही. आमची शेगडी काचेखाली तारा तापणारी निघाली, कुठलंही सपाट भांडं चालणारी. तरी मी स्टीलचा तीन लिटरचा कुकर टॉवेलात गुंडाळून नेला होता आणि तो रोज दोनदा लावला. सुऱ्या बोथट होत्या. मोठं पातेलं एकच. बाकी तक्रार नाही.

पिण्याचं पाणी विकत घ्या. बेटावर पाऊस नाममात्र पडतो आणि १९६० च्या दशकापासून नळाला समुद्राचं पाणी गोडं करून येतं. आंघोळीला, भांड्यांना छान, पण चहाची चव बदलते. पाच आणि आठ लिटरचे कॅन सगळ्या सुपरमार्केटांत मिळतात, आठचा कॅन आईला उचलवत नाही म्हणून आम्ही पाचचे घेतले. नाताळच्या सुमारास जाणाऱ्यांनी ६ जानेवारी लक्षात ठेवावी. तीन राजांचा सण असतो, दुकानं बहुतेक बंद.

छोटे स्थानिक बटाटे आणून ‘पापास अरुगादास’ घरी केले. सालासकट बटाटे भरपूर मिठाच्या पाण्यात उकडायचे, पाणी काढून टाकायचं, आणि पातेलं पुन्हा आचेवर ठेवून हलवत राहायचं. साल सुरकुतते आणि वर मिठाची पांढरी साय धरते. मीठ हानुबियोच्या मिठागरातलं, घरापासून पंधरा-वीस मिनिटांवर. सोबत हिरवा मोहो, म्हणजे तिथली चटणी: कोथिंबीर, लसूण, तेल, व्हिनेगर. आईने बोट लावून चाखलं आणि म्हणाली, “अगं, जिरं आहे यात.” आहेच. त्यानंतर तो मोहो तीच करायची, उन्हाच्या कोपऱ्यात मांडीवर ताट घेऊन कोथिंबीर निवडत.

गाडी लागतेच. तिमानफायाच्या ज्वालामुखींकडे जायला, हामेओस देल आग्वाची लाव्हातली गुहा बघायला, सगळीकडे. पापागायोच्या किनाऱ्यांचा रस्ता मात्र कच्चा आहे आणि भाड्याच्या बऱ्याच गाड्यांचा विमा कच्च्या रस्त्यावर लागू होत नाही, तेव्हा आधी करार वाचा. आई गाडीतून फारशी उतरली नाही. एकाच ठिकाणी तिने स्वतःहून थांबायला सांगितलं, ते म्हणजे ला हेरिया.

तिथे द्राक्षांची शेती आहे. १७३० ते १७३६ अशी सहा वर्षं इथे ज्वालामुखी धुमसत होते आणि चांगली जमीन राखेखाली गेली. शेतकऱ्यांनी मग राखेत खड्डे खणले, खालच्या मातीत वेल लावला, आणि प्रत्येक खड्ड्याच्या कडेला वाऱ्याच्या बाजूने काळ्या दगडांची अर्धगोल भिंत रचली. नजर जाईल तिथवर काळी जमीन, आणि हजारो अर्धचंद्र. ही काळी राख रात्रीचा ओलावा धरते आणि खालच्या मातीतलं पाणी दिवसा उडू देत नाही. नवरा लगेच म्हणाला, “हे बघ, यांचं कव्हर फाटलेलं नाही.” आई काठी टेकून एका भिंतीपाशी उभी राहिली, दगडावर हात ठेवला. ऊन दगडात मुरलेलं होतं. “प्रत्येक वेलीला आडोसा दिलाय गं,” म्हणाली. वारा त्या दिवशी चांगलाच होता, आणि भिंतीच्या आत वेलीचं वाळकं पानसुद्धा हलत नव्हतं.

एक दिवस कलिमा आला. सहाराची धूळ घेऊन येणारा वारा. आकाश पिवळट, फरशीवर बारीक तांबूस पूड, आईला खोकला. दारं-खिडक्या लावून दिवस आत काढला. दहांतला एक दिवस असा जाईल असं धरून चाला, दमा असणाऱ्यांनी औषधं हाताशी ठेवा.

घराच्या दोन उणिवा फोटोत दिसत नाहीत. पूलला कुंपण नाही. चार वर्षांच्या मुलासोबत ही फार गंभीर गोष्ट आहे. आम्ही पाळ्या लावल्या होत्या, ज्याची पाळी त्याच्या हातात फोन नाही. बैठकीच्या खोलीचं सरकतं दार कायम कडी लावून. काढता-घालता येणारं कुंपण भाड्याने मिळतं असं नंतर कळलं, पुढच्या वेळी ते पहिल्या दिवसापासून हवं. दुसरी उणीव न्हाणीघराची. दोनपैकी एकात टब आहे, ज्याची कड ओलांडणं आईला अशक्य. दुसऱ्यात सपाट शॉवर आहे, पण धरायला दांडा नाही. प्लॅस्टिकचं स्टूल मागून घेतलं आणि तिला बसून आंघोळ घातली. ‘दोन बाथरूम’ एवढं वाचून थांबू नका, दोन्हींचे फोटो मागा.

पोहायला समुद्र, रात्री वर्दळ, तयार जेवण यांसाठी जाणाऱ्यांना हे घर रुचणार नाही. समुद्राचं पाणी या दिवसांत १८-१९ अंश असतं आणि जवळचं रेस्टॉरंट चालत वीस मिनिटांवर. म्हातारं माणूस, लहान मूल आणि आपला कुकर बरोबर असेल तर मात्र हेच घर घ्या.

पुढच्या जानेवारीसाठी आम्ही तेच मागितलं आहे, दहाऐवजी चौदा रात्री. आगाऊ रक्कम भरली. उरलेली नव्या कव्हरचा फोटो आला की भरणार, असं एजन्सीला कळवलंय. आई विचारत होती, ती खुर्ची तीच असेल ना.